स्पीकरची वायर: जाडी, लांबी आणि किंमत

“ॲम्प्लिफायर घेतला, स्पीकर घेतले. आता मधली वायर कोणती घ्यायची?” घरी गाण्याची सिस्टिम जमवणारा प्रत्येक जण हा प्रश्न विचारतो, आणि बहुधा सगळ्यात शेवटी, खिसा हलका झाल्यावर विचारतो. उत्तरं दोन टोकांची मिळतात. चकचकीत शोरूममधला विक्रेता सांगतो, सिस्टिमच्या किमतीच्या दहा टक्के तरी वायरवर घाला, नाहीतर एवढे भारी स्पीकर घेऊन उपयोग काय? कोपऱ्यावरचा इलेक्ट्रिशियन म्हणतो, “काही नाही हो काका, कुठलीही टू-कोअर जोडून टाका.” दोघांपैकी इलेक्ट्रिशियन सत्याच्या पुष्कळ जवळ आहे. फक्त त्याने आधी दोन गोष्टी विचारायला हव्या होत्या: स्पीकर किती लांब आहे, आणि वायरीत तांबं किती आहे.

१. वायरीच्या वाट्याला येणारं काम

ॲम्प्लिफायर स्पीकरला व्होल्टेज पुरवतो. ते गाण्याबरहुकूम क्षणाक्षणाला वरखाली होतं, दिशा बदलतं. डग्गा घुमला की सेकंदाला शंभराच्या आसपास वेळा, झांज वाजली की हजारो वेळा. त्याबरोबर स्पीकरचा कोन मागेपुढे हलतो, हवा हलवतो आणि आपल्याला आवाज ऐकू येतो.

आठ ओहमच्या स्पीकरला ५० वॅट द्यायचे तर २० व्होल्ट आणि अडीच अँपिअर लागतात. ५० वॅट म्हणजे शेजारी दार ठोठावतील एवढा दणका. रात्री जेवणं झाल्यावर बैठकीत निवांत ऐकायला सरासरी एक वॅटही पुष्कळ होतो, आणि त्याला जेमतेम तीन व्होल्ट पुरतात. दोन हजार वॅटचा गीझर जवळजवळ नऊ अँपिअर ओढतो, तेव्हा वायर तापेल, जळेल ही भीती इथे नाही. वायर आवाजात भरही घालू शकत नाही. वाटेत ती किती खाते, एवढंच पाहायचं.

२. व्होल्टची वाटणी

विजेच्या वाटेतल्या अडथळ्याला रोध म्हणतात आणि तो ओहममध्ये मोजतात. वायर आणि स्पीकर एकाच वाटेवर एकामागे एक बसलेले असतात. दोघांतून तोच करंट जातो. अशा वेळी ॲम्प्लिफायरने दिलेले व्होल्ट दोघांत ओहमच्या प्रमाणात वाटले जातात. भाऊबंदकीतली जमीनच म्हणा: ज्याचा जितक्या आण्यांचा हिस्सा, तितकं त्याच्या पदरात. स्पीकरचे आठ ओहम आणि वायरीचा अर्धा ओहम असला, तर साडेआठ हिश्श्यांतला अर्धा हिस्सा वायर घेऊन जाते आणि त्याची नुसती ऊब करून टाकते. या भाऊबंदाला वाटणीतून वगळता येत नाही. पण त्याचा हिस्सा नाममात्र ठेवणं आपल्या हातात असतं.

तो हिस्सा तीन गोष्टींवर ठरतो: लांबी, जाडी आणि धातू. लांबी दुप्पट केली की रोध दुप्पट. जाडी दुप्पट केली की निम्मा. जाडी म्हणजे इथे तारेच्या छेदाचं क्षेत्रफळ. दुकानात ‘दीड एमएम’, ‘अडीच एमएम’ म्हणतात ते दीड आणि अडीच चौरस मिलिमीटर असतात, व्यास नव्हे. अडीचच्या वायरीचं तांबं मोजायला गेलात तर व्यास दोन मिलिमीटरच्या आसपासच भरेल. दुकानदाराने फसवलं असं समजू नका.

नव्या माणसाकडून हमखास सुटणारा एक मुद्दा: करंट जातो तसा परतही येतो. पाच मीटर टू-कोअर वायर म्हणजे वाटेत दहा मीटर तांबं.

आता हिशेब करू. लवचीक तांब्याच्या वायरीचा रोध मीटरमागे अर्ध्या चौरस मिलिमीटरला सुमारे ०.०३९ ओहम असतो, एकला ०.०१९५, दीडला ०.०१३३ आणि अडीचला ०.००८. स्पीकर आठ ओहमचा, वायर पाच मीटर, ॲम्प्लिफायरने दिले २० व्होल्ट. अर्ध्याची वायर लावली तर तिचा रोध ०.३९ ओहम; ती ०.९३ व्होल्ट खाते, स्पीकरला १९.०७ मिळतात. दीडची लावली तर वायर खाते ०.३३ व्होल्ट. अडीचची लावली तर ०.२.

कानाला याचं काय? आवाजाची पातळी डेसिबलमध्ये मोजतात, आणि गाणं चालू असताना एका डेसिबलचा फरकसुद्धा लक्ष देऊन ऐकलं तरच जेमतेम कळतो. वरच्या तीन वायरींतली घट अनुक्रमे ०.४१, ०.१४ आणि ०.०९ डेसिबल भरते. दीड आणि अडीच यांच्यात कानांनी निवड करायचं म्हटलं तर करता यायची नाही.

३. मग किती जाड घ्यायची?

अमेरिकेतल्या मॅकिंटॉश कंपनीत अनेक वर्षं स्पीकर घडवणाऱ्या रॉजर रसेल यांनी एक सोपी मर्यादा सुचवली आहे: वायरीचा एकूण रोध स्पीकरच्या ओहमच्या पाच टक्क्यांच्या आत ठेवा. आठ ओहमच्या स्पीकरसाठी ही मर्यादा ०.४ ओहम होते. तिच्यात पाऊण चौरस मिलिमीटरची वायर साडेसात मीटरपर्यंत बसते, एकची दहा मीटरपर्यंत, दीडची पंधरा आणि अडीचची पंचवीस मीटरपर्यंत. स्पीकर चार ओहमचा असेल तर या सगळ्या लांब्या निम्म्या करायच्या. सहाचा असेल तर पाऊणपट. ओहमचा आकडा स्पीकरच्या पाठीवर, टर्मिनलच्या शेजारीच छापलेला असतो.

आपल्याकडच्या फ्लॅटमधल्या हॉलमध्ये टीव्हीशेजारच्या दोन स्पीकरांना तीन-चार मीटरच्या वर वायर क्वचित लागते. तिथे दीडची वायर कुठल्याही स्पीकरला पुरून उरते. होम थिएटरचे मागचे स्पीकर मात्र फसवे असतात. ॲम्प्लिफायर ते सोफा हे अंतर डोळ्यांना चार मीटर दिसतं, पण वायर हवेतून जात नाही. ती स्कर्टिंगच्या कडेने निघते, दाराच्या चौकटीवरून चढते, उतरते, आणि बारा मीटरची होते. सुतळीने तो रस्ता मोजा, वर मीटरभर शिल्लक धरा, आणि तिथे अडीचची वायर टाका. सबवूफरच्या आत स्वतःचा ॲम्प्लिफायर असेल तर त्याला ही वायर लागतच नाही. त्याला टीव्ही-डीव्हीडीला असते तशी आरसीए पिनांची केबल जाते.

४. बारीक वायर ऐकू कशी येते

बारीक वायरीमुळे आवाज थोडा घटत असेल तर व्हॉल्यूम थोडा वाढवावा, झालं! असं कुणी म्हणेल. पण खुबी इथेच आहे. स्पीकरवर ‘आठ ओहम’ लिहिलेलं असलं तरी तो आकडा स्थिर नसतो. सूर खर्जात गेला की वेगळा, तारसप्तकात वेगळा. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे आठ ओहमचा म्हणवणारा स्पीकर ६.४ ओहमपर्यंत खाली येऊ शकतो, आणि खर्जातल्या एखाद्या ठिकाणी तो तीस ओहमपर्यंत चढलेलाही सापडतो.

वाटणी प्रमाणात होते हे आठवा. स्पीकर तीस ओहमवर असतो तेव्हा वायरीचा हिस्सा क्षुल्लक, ६.४ वर येतो तेव्हा तीच वायर जास्त ओढते. म्हणजे काही सूर जास्त दबतात, काही कमी, आणि स्पीकर बनवणाऱ्याने साधलेला तोल बिघडतो. दहा मीटर लांब, जेमतेम ०.२ चौरस मिलिमीटरची तार घेतली तर तिचा रोध १.७ ओहमच्या वर जातो, आणि वरच्या दोन टोकांमध्ये सुमारे १.६ डेसिबलचा फरक पडतो. हा कानाला कळतो. स्वस्त संचाच्या खोक्यात गुंडाळून येणारी, शिवणाच्या दोऱ्यापेक्षा थोडी बरी अशी वायर बदलायची ती एवढ्यासाठी. तीच अर्ध्याची, पाच मीटर असेल तर हा फरक ०.४ डेसिबलवर येतो. बदललीत तर उत्तम, नाही बदललीत तरी कुणाला पत्ता लागणार नाही.

५. तांबं की तांब्याचा मुलामा

वायर खरेदीत खरी फसगत होते ती इथे. बाजारात ‘सीसीए’ नावाची वायर मिळते. आत ॲल्युमिनियम, वर तांब्याचा पातळ थर. दिसायला हुबेहूब तांबं. पण तिची वीज वाहण्याची क्षमता तांब्याच्या साधारण दोन तृतीयांश; म्हणजे अडीचची सीसीए वायर ही तांब्याच्या सुमारे १.६ च्या वायरीइतकी. हे माहीत असेल, किंमतही तशीच कमी असेल, आणि एक पायरी जाड घेतली असेल तर तिच्यात वाईट काही नाही. मात्र ती पुन्हापुन्हा वाकवली की तारा लवकर तुटतात, आणि दमट हवेत ॲल्युमिनियम-तांब्याच्या जोडावर गंज लवकर धरतो. तांब्याच्या भावात कुणी ती गळ्यात मारत असेल तर ती सरळ लबाडी.

ओळखायची कशी? एक तार सुटी काढा आणि ब्लेडने खरवडा. आतून रुपेरी निघाली तर ॲल्युमिनियम. उलट, वरून रुपेरी आणि आत तांबूस निघाली तर तो कल्हई केलेला तांब्याचा माल. तो चांगला असतो, समुद्रकाठी तर जास्तच.

दुसरी परीक्षा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर होते, आणि ती मला अधिक आवडते, कारण तिच्यापुढे छापील दावे टिकत नाहीत. तांब्याचं वजन घनसेंटिमीटरला ८.९६ ग्रॅम. अडीचच्या एका तारेत मीटरला अडीच घनसेंटिमीटर तांबं असतं, म्हणजे २२ ग्रॅमच्या थोडं वर. टू-कोअरमध्ये ४५. दहा मीटरच्या वेटोळ्यात नुसतं तांबंच ४५० ग्रॅम भरायला हवं, प्लॅस्टिक वेगळं. सीसीएचा धातू तेवढ्याच लांबीला जेमतेम १७० ग्रॅमच्या आसपास भरतो. काटा प्लॅस्टिकसकट ४५० च्या खाली थांबला तर एक तर ते तांबं नाही, किंवा वायर अडीचची नाही. दोन्ही चोऱ्या एकाच वजनात पकडल्या जातात. पारदर्शक, जाडजूड प्लॅस्टिकमधल्या वायरीला हे वजन अवश्य करावं, कारण तिच्यातलं पोट अनेकदा प्लॅस्टिकचंच असतं.

६. दुकानात काय मागायचं

‘स्पीकर वायर’ मागितलीत की तीच पारदर्शक वायर पुढे येते, आणि तिच्यावर अनेकदा जाडीचा आकडाही नसतो. त्याऐवजी इलेक्ट्रिकच्या दुकानात जा आणि तांब्याची, बहुतारी, टू-कोअर फ्लेक्सिबल वायर मागा: दीडची किंवा अडीचची, आयएसआय शिक्क्याची. घरगुती वायरिंगसाठी बनलेल्या या मालाला आयएस ६९४ हे मानक लागू असतं, आणि मीटरमागे रोध जास्तीत जास्त किती चालेल तेही ठरलेलं असतं. पुण्याची फिनोलेक्स किंवा तिच्या बरोबरीच्या कुठल्याही कंपनीची चालेल. आवाजाच्या दृष्टीने त्यांच्यात डावंउजवं करण्यासारखं काही नाही. पूर्ण बंडल सहसा नव्वद ते शंभर मीटरचं असतं, पण बरीच दुकानं सुटी मीटरवर कापून देतात.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत जुने दुकानदार अजून ‘चाळीस-शहात्तर’ म्हणतात. ४०/७६ म्हणजे चाळीस तारा, प्रत्येकीचा व्यास इंचाच्या ०.००७६. मिलिमीटरमध्ये बदलून गुणाकार केला की सुमारे १.२ चौरस मिलिमीटर येतात. हॉलमधल्या समोरच्या दोन स्पीकरांना ही छान. ‘तेवीस-शहात्तर’ याच हिशेबाने ०.६७, ती जवळच्या, छोट्या स्पीकरांपुरतीच. तारांची संख्या मात्र एकटी काही सांगत नाही. तारा पुष्कळ असल्या आणि त्या केसाएवढ्या बारीक असल्या तर एकूण तांबं कमीही भरू शकतं. जास्त तारांमुळे वायर मऊ होते इतकंच.

टू-कोअर मिळाली नाही तर लाल आणि काळी अशा दीडच्या दोन सुट्या फ्लेक्सिबल वायरी सारख्या लांबीच्या घ्या. एकीकडची टोकं दाराच्या कडीला बांधा, दुसरीकडची ड्रिलच्या चकमध्ये धरा, वायर ताणून धरून ड्रिल हळू फिरवा. मिनिटभरात सुबक पीळ बसतो. पिळात लांबी थोडी कमी होते, तेवढी आधीच जास्त कापावी. दोन तारा एकमेकींना बिलगून राहाव्यात हे मात्र खरोखर महत्त्वाचं आहे: त्या लांब-लांब ठेवल्या की त्यांच्यातलं वेटोळं मोठं होतं आणि वरच्या पट्टीतल्या सुरांना थोडा जादा अडथळा होतो. शेजारी-शेजारी असलेल्या पाच मीटर वायरीत हा अडथळा वीस हजार कंपनांनासुद्धा एका डेसिबलच्या शंभराव्या भागाएवढाच असतो.

७. भारी किमतीचे दावे

स्पीकरची वायर ही वेगळी, नावाजायची वस्तू झाली ती तशी अलीकडे. आधी सगळे जण टेबललँपची वायर लावत. १९७९ साली कॅलिफोर्नियात नोएल ली यांनी मॉन्स्टर केबल सुरू केली, जाड वायर देखण्या वेष्टनात विकली, आणि एक नवी बाजारपेठ उभी राहिली. सुरुवातीचा मुद्दा बरोबरच होता, की लांब अंतराला जाड वायर हवी. पुढे दावे वाढत गेले.

‘ऑक्सिजनविरहित’ तांबं घ्या. ते ९९.९५ टक्के किंवा त्याहून शुद्ध असतं हे खरं. पण वायरिंगचं साधं तांबंही ९९.९ टक्के शुद्ध असतं आणि वीज वाहण्यात दोघांत एखाद्या टक्क्याचा फरक. चांदी? तांब्यापेक्षा पाच-सहा टक्क्यांनी सरस. तेवढं तांबं जाड घेतलं की फिटंफाट, आणि उरलेल्या पैशांत स्पीकर बदलता येतील. वायरीवर बाण असतो, करंटने त्याच दिशेने जावं म्हणून. गाण्याचा करंट सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होतो. त्याने बाण बघून कुठे थांबायचं?

डाव्या-उजव्या वायरी काटेकोर सारख्या लांबीच्या हव्यात, हाही असाच एक समज. एक वायर तीन मीटर जास्त असली तर तिच्यातून संदेश सुमारे पंधरा अब्जांश सेकंद उशिरा पोहोचतो. तेवढ्या वेळात आवाज हवेतून पाच मायक्रॉन सरकतो, म्हणजे केसाच्या जाडीहूनही पुष्कळ कमी. तुम्ही सोफ्यावर मान थोडी कलती केलीत तरी त्याच्या हजारो पट फरक पडतो.

या दाव्यांची डोळे बांधून परीक्षा झालेली आहे. अमेरिकेतल्या ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ मासिकाच्या ऑगस्ट १९८३ च्या अंकात लॉरेन्स ग्रीनहिल यांनी अशी चाचणी छापली: एक अगदी बारीक वायर, एक दिव्याची जाड वायर आणि एक नामांकित महाग वायर. कोणती चालू आहे हे श्रोत्यांना ठाऊक नव्हतं. बारीक वायर ओळखू आली, विशेषतः सगळ्या पट्ट्यांचा एकत्र खळखळाट ऐकवला तेव्हा. पण पातळी सारखी करून गाणी ऐकवल्यावर दिव्याची वायर आणि महाग वायर यांतला फरक श्रोत्यांना भरवशाने सांगता आला नाही.

तरीही महाग वायर लावल्यावर फरक पडला असं शपथेवर सांगणारे लोक भेटतात, आणि ते खोटं बोलत नसतात. वायर बदलताना जुना गंजलेला सांधा निघून नवा घट्ट सांधा बसतो. तो फरक खरा असतो. शिवाय पैसे मोजल्यावर माणूस जास्त लक्ष देऊन ऐकतो.

८. टोकं आणि अधिक-उणे

टोकाचं प्लॅस्टिक दहा-बारा मिलिमीटर सोला, तारा बोटांत घट्ट पिळा, आणि टर्मिनलच्या भोकातून एकही तार बाहेर डोकावत नाही ना ते बघा. लालची एक चुकार तार काळ्या टर्मिनलला टेकली की शॉर्ट होतो. ॲम्प्लिफायर चांगला असेल तर बंद पडून वाचतो, नसेल तर दुरुस्तीला जातो. म्हणून जोडणी नेहमी पॉवर बंद करूनच. पिळलेल्या टोकांना सोल्डर लावून ती स्क्रूखाली दाबू नका: सोल्डर मऊ असतं, दाबाखाली हळूहळू बसतं आणि सांधा सैल होतो. बनाना प्लग लावले तर काढघाल सोपी होते. आवाज सुधारत नाही. कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत समुद्राजवळ राहणाऱ्यांनी पावसाळा संपला की टोकं उघडून पाहावीत. तांबं काळं-हिरवं पडलं असेल तर दोन सेंटिमीटर कापून नवं टोक सोलावं.

दोन्ही स्पीकरांना लाल ते लाल, काळं ते काळं जुळायला हवं. एकीकडे उलटं झालं तर एक कोन पुढे येताना दुसरा मागे जातो, खर्ज गायब होतो आणि गायक मध्यभागी उभा न राहता खोलीभर पसरतो. टू-कोअरच्या दोन्ही तारा एकाच रंगाच्या असतील तर एकीवर बारीक रेघ किंवा उभी धार असते. ती बोटाने चाचपा. तरीही शंका राहिली तर वायर ॲम्प्लिफायरकडून सोडवा आणि त्या टोकांना दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर टेकवा. सेलचं अधिक टोक जिला लागलं ती लालची तार असेल तर वूफरचा कोन किंचित बाहेर येतो. जाळी काढून बघावं, म्हणजे हालचाल स्पष्ट दिसते.

९. भिंतीतून न्यायची असेल तर

घराचं काम चालू असताना वायर भिंतीतून घेणं सोपं असतं. तिच्यासाठी वेगळा पाइप टाकायचा. २३० व्होल्टच्या वायरीबरोबर एकाच पाइपातून कधीही नाही. इन्सुलेशन खराब झालं तर सॉकेटची वीज थेट स्पीकरच्या टर्मिनलवर येऊ शकते. वायरिंगचीच लाल-काळी वायर वापरली असेल तर दोन्ही टोकांना ‘स्पीकर’ अशी चिठ्ठी डकवा, नाहीतर चार वर्षांनी येणारा इलेक्ट्रिशियन तिला पंख्याची समजून जोडेल. तिच्या टोकाला तीन पिनांचा प्लग तर चुकूनही लावू नका. प्लास्टर करण्यापूर्वी पाइपात एक नायलॉनची दोरी सोडून ठेवायला सांगा. मागच्या स्पीकरांची हौस पुढे-मागे झाली तर भिंत न फोडता दुसरी वायर ओढता येते.